लाइन हलणार हाय!

कळंबच्या बाहेर पडणारा कुठलाही रस्ता धरा, थोड्याच अंतरावर सोयाबीन संपतं आणि 'नगरी' सुरू होते. चुन्याच्या रेघा, एक कमान, कमानीवर फ्लेक्स. फ्लेक्सवर कारंजं. जिथे कारंजं छापलंय, तिथे आजमितीला १३२ केव्हीचा मनोरा उभा आहे. चित्रकाराला तो दिसलेला नाही. बुकिंगच्या टेबलावरच्या पोराला विचारा. तो मोबाइलमधून मान न काढता सांगतो, "लाइन हलणार हाय. पैसे भरलेत."

हाच मनोरा या रानात नांगर चालायचा तेव्हा हलत नव्हता. ट्रॅक्टर त्याच्या चार पायांना वळसा घालून जायचा. तारेखाली झाड लावू नका, उसाचं पाचट पेटवू नका, असं बजावायला माणसं यायची. "सरकवा की साहेब" म्हटलं की हसायची. २००३ च्या वीज कायद्यानुसार सरकार लाइन टाकणाऱ्यांच्या हाती १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं, आणि ते मिळाले की संमतीचा प्रश्नच नाही. लाइन हलवून मागायची सोयही त्याच जुन्या कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात खर्च मागणाऱ्याच्याच माथी. शेतकऱ्याला एवढं जमलं नाही. रान एनए झालं आणि मनोऱ्याला चालता येऊ लागलं. येरमाळ्याला येडाईची पालखी आमराईत जाते ती मुक्काम करून परत तरी येते. मनोऱ्याची ही पालखी शेजाऱ्याच्या रानात बसते ती कायमची.

शेजारी! तोही फ्लेक्सवर नाही. जरा हिशेब करा. १३२ केव्हीच्या लाइनखाली २७ मीटर रुंद पट्टा लागतो. म्हणजे शंभर मीटर लाइन हलली की जवळजवळ २७ गुंठे सुटले, आणि ते विकायचे प्लॉटच्या भावाने. बांधापलीकडे तेवढेच गुंठे अडकले, त्यांना शेतीचा भाव, आणि २०२४ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना धरल्या तर त्याचेही ३० टक्के. तेही हातात पडले तर! उद्या पोरीच्या लग्नाला रान विकायला काढलं, तर गिऱ्हाईक वर बघून निघून जाणार. आणि याच माणसाची डीपी जळू द्या. ऑइल नाही, गाडी नाही, वायरमन रजेवर, आधी थकबाकी भरा, वर्गणी काढा, ट्रॅक्टर तुमचाच आणा, आणि रोहित्र येईपर्यंत ऊस वाळताना बघा. एक डीपी आणायला ज्या व्यवस्थेकडे टेम्पो नसतो, तिच्याकडे मनोरे उचलायला क्रेन कुठून येते? एस्टिमेट होतं, सर्व्हे होतो, लाइन बंद ठेवायची परवानगी मिळते, आणि कुणीही रजेवर नसतं!

पैसे भरणारा तयार आहे ना? मग नव्या मार्गात ज्याचं रान जाणार, त्याला प्लॉटच्याच भावाने पैसे द्या. काम सुरू व्हायच्या आधी, आणि सगळे चेकने.