आंबा झाला की

आमच्या तात्यांच्या वर्षात हंगाम दोनच. एक 'आंबा चालू आहे' आणि दुसरा 'आंबा झाला की'. दसऱ्याला फवारणीचा पंप तेलपाणी करून पडवीत आला की पहिला सुरू होतो, तो थेट मिरगाच्या तोंडापर्यंत. या काळात तात्यांना काहीही सांगा, उत्तर ठरलेलं. काकूंचे गुडघे? आंबा झाला की दाखवू. पडवीची कौलं परतायचीत? आंबा झाला की. आता आंबा व्हायला आणि पाऊस पडायला एकच गाठ पडते, त्यामुळे ही कौलं दरवर्षी भर पावसात, खाली पातेली मांडून परतली जातात. एका मार्चमध्ये त्यांची दाढ सुजली, तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "आत्ता नुसती फवारणी करा. छाटणीचं आंबा झाल्यावर बघू."

पावसच्या अलीकडे तात्यांची शे-सव्वाशे हापूस कलमं आहेत. त्यांच्यावर राखणीला दोन गुरखे. बाकी तुडतुडे, फुलकिडे आणि वानर हे बिनपगारी. मोहर फुटल्यावर ढग आले की तात्यांना घास जात नाही. कणी धरली की ती गळेल म्हणून झोप नाही, गळली नाही तर भाव पडेल म्हणून नाही. एप्रिलात झेला घेऊन गडी झाडावर चढले की तात्या खाली उभे राहून इतक्या जोरात "देठ ठेव, देठ!" ओरडतात, की मी आमच्या अंगणात भेंडी चिरत असलो तरी दचकून देठ ठेवतो.

उरलासुरला माल कॅनिंगला गेला आणि आभाळ भरून आलं, की तात्या अंघोळ करून, झोपाळ्यावर बसून, पेट्यांच्या वहीतलं मागचं कोरं पान उघडतात. त्यावर सात-आठ महिन्यांची नातीगोती तुंबलेली असतात. ती मी एकदा चोरून पाहिली. नातेवाईक चक्क प्रतवारीने लावलेले. एक नंबर : जावई, थोरली बहीण, बँकेचे साहेब. दोन नंबर : लांज्याचे चुलतभाऊ. आणि मेव्हण्यांच्या नावापुढे नुसतं 'साका'. ज्यांनी हापूस कधी चिरून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून फळ पिवळंधमक, वास घमघमीत, आणि आत पांढरा, आंबट, स्पंजासारखा गर. मेव्हण्यांना मी ओळखतो. शब्द चपखल आहे.

मग तीन दिवस तात्या रिकामा पिकअप घेऊन माल पोचवावा तसे नातेवाईक उरकतात. एका घरी तासाच्या वर थांबणं नाही. या घाईत नेमके घोटाळे होतात. फेब्रुवारीत वारलेल्या एका काकांच्या घरी तात्या जूनमध्ये चेहरा पाडून गेले. तिथे वर्षाच्या आत उरकायचं म्हणून मुलाचा साखरपुडा चाललेला. तात्यांनी दारातच गळा काढला. फोटोवाल्याला वाटलं मुलीकडचे. त्या घरच्या अल्बममध्ये तात्या आजही रडताना आहेत. पुतणीच्या मुलाचं बारसं मागल्या आंब्यातलं. त्याचं झबलं घेऊन हे गेले, तर दार उघडायला तो मुलगाच आला.

तरी मी म्हणेन, त्यांना कोणी रागावत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं की पिकअपमध्ये पेंढ्याखाली घरच्या अढीतली शेवटची दोन डझन फळं आहेत. उशीर पिकलेला असला की लोक खपवून घेतात.

सगळ्यात मोठी थकबाकी मात्र वाचनाची. तात्या स्वतःला वाचक म्हणवतात आणि रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची वर्गणी नेमाने भरतात. पुस्तक परत द्यायला उशीर होतोय असं मी सुचवलं, तर म्हणाले, "अहो, वाचनालय 1828 सालचं आहे. त्याला माझ्या चार महिन्यांचं काय?" हंगामात त्यांचं वाचन पेट्या भरताना चालतं, म्हणजे फळांखाली घालायच्या रद्दीवर. त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक बातमी अर्धीच ठाऊक असते. पुढचा अर्धा भाग वाशीला गेलेला असतो. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं 2018 च्या ऑक्टोबरात. तात्या पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे धावत आले, "मिळालं हो आपल्याला!"

दिवाळी अंक ते हौसेने घेतात आणि माडीवर रचतात. मराठीत दिवाळी अंक सुरू झाला 1909 साली, 'मनोरंजन'पासून. तात्यांचा वाचनाचा वेग पाहता ते अजून पहिल्या महायुद्धाच्या आसपास असावेत. जूनमध्ये मुसळधार पाऊस, काकूंनी केलेली फणसाची भाजी, असं सगळं जमलं की ते गठ्ठा सोडतात आणि आधी वार्षिक राशिभविष्य काढतात. त्यातलं निम्मं वर्ष तोवर होऊन गेलेलं असतं. तात्या पेन्सिल घेऊन पेपर तपासायला बसतात. 'मार्चमध्ये वरिष्ठांशी मतभेद' याला बरोबरची खूण, कारण काकू. 'एप्रिलमध्ये अनपेक्षित धनलाभ' इथे पेन्सिल मोडते.

कथेच्या दुसऱ्या पानावर आले की त्यांना आठवतं, खत घालायचं राहिलं. मग कलमांची छाटणी, मग बांडगुळं काढणं, मग लावणीला माणसं मिळेनात, मग कल्टारची वेळ झाली. अंक मिटून पुन्हा माडीवर.

2019 सालचा माझा एक दिवाळी अंक त्यांच्याकडे आहे. परवा मागायला गेलो. मुखपृष्ठावर आंब्याच्या चिकाचा काळा ओघळ, आत एक्केचाळिसाव्या पानावर खूण म्हणून वाशीच्या कुठल्याशा दलालाची पट्टी. पेट्या बारा, त्यातून गाडीभाडं, हमाली आणि बरंच काही वजा. तात्यांनी पट्टी काढून चष्मा लावला आणि ती वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत, दोनदा वाचली. "ही वाचा," मला म्हणाले, "एवढी कल्पनाशक्ती तुमच्या कथालेखकांत नाही."

तर तात्यांकडे कोणाचं काही काम असेल, तर मिरग लागल्यावर आठवडाभरात जा. अंक मी आणला नाही. त्यांचं एक्केचाळिसावं पान चालू आहे, आणि म्हणाले, पुढचा आंबा झाला की देतो.