मुंढ्याचा गुन्हा, दंडाला शिक्षा

लग्नपत्रिका घरात आली की दोन मापं निघतात. एक आहेराचं, दुसरं दंडाचं. आहेराचं घरातल्या घरात मिटतं. 'कृपया आहेर आणू नये' असं ठळक छापलेलं असतं आणि आपण पाकीट पर्समध्ये टाकतोच. दंडाचा मामला मात्र सार्वजनिक. त्यावर आत्या बोलते, जाऊ बोलते आणि नवरीची आईसुद्धा हॉल, भटजी, केटरर एवढं सगळं डोक्यावर असताना खास वेळ काढून बोलते, "तू ना, जरा गडद रंगच घे हं."

गडद रंगाने बारीक दिसतं, हे आपल्याकडचं सार्वमत. सगळ्यांत बारीक दिसतं काळ्यात. पण लग्नाला काळं नेसून गेलं की ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या. काळ्याची मुभा संक्रांतीला. म्हणजे वर्षातून एक दिवस बारीक दिसायचं, तेही तिळगूळ खात. बाकीच्या दिवसांसाठी वांगी रंग आहे. अंगाने भरलेल्या बाईच्या कपाटात वांगी रंगाची साडी नसेल तर तिला नातेवाईकच नसावेत. त्यात हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान येतं: मेंदीला हिरवं, हळदीला पिवळं, लग्नाला पेस्टल. पेस्टल म्हणजे जे रंग घालू नकोस असं आत्या सांगते, ते सगळे.

दुसरं सार्वमत आडव्या रेघांचं. आडवी रेघ दिसली की आपल्या मावशा दचकतात. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकातच लिहून ठेवलंय की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद दिसतो. आडव्या पट्ट्यांच्या झग्यात बायका उंच दिसतात, हेही त्याने नोंदवलं. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी ते पुन्हा तपासलं आणि २०११ मध्ये निबंध छापला: आडव्या पट्ट्यांनी बाई जाड दिसत नाही. पण हेल्महोल्ट्झ आपल्या नात्यातला नव्हता. त्याचं कोण ऐकतो?

या सल्ल्यांची गंमत अशी की ते सगळे फोटोसाठी असतात, लग्नासाठी एकही नसतो. लग्नाला गेलेल्या बाईची कामं तर ठरलेली आहेत. मंगलाष्टकांना उभं राहून अक्षता टाकायच्या, प्लास्टिकच्या खुर्चीत तासभर बसायचं, स्टेजच्या उंच पायऱ्या चढायच्या आणि जेवायचं. या चार परीक्षांत जो पोशाख पास होतो तो शोभतो. जी बाई निवांत बसलीय तिच्याकडे लोक बघतात. जी दर दोन मिनिटांनी पाठीमागे हात घालून हूक चाचपते, तिच्या हुकाकडे बघतात.

साडीचं एक बरं आहे, तिला साइज नसते. साडेपाच मीटर कापड. त्यात पुतणीही मावते आणि काकूही. कंबर मोठी असेल तर निऱ्या कमी पडतात, त्यावरही तोड आहे. ब्लाउजपीस साडीच्या आतल्या टोकाला असेल तर तो कापूच नका, साडीतच राहू द्या. ऐंशी सेंटिमीटर जादा घेर मिळतो, दोन-तीन निऱ्या वाढतात आणि चालताना साडी पायात ओढत नाही. कापड बघताना मात्र डोळे उघडे ठेवा. सध्या ज्याची चलती आहे ते ऑर्गन्झा अंगापासून फुगून उभं राहतं. ते नेसलेली बाई साडीच्या थोडी आत असते. जॉर्जेट, क्रेप, मऊ रेशीम खाली पडतं. दुकानदार तुम्हाला हे सांगणार नाही. तो साडी स्वतःच्या सपाट खांद्यावर टाकून म्हणणार, "ताई, बघा कशी बसते." त्याला बसतेच!

खरी गोम ब्लाउजमध्ये आहे. तो ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा कोणासाठी बेतला जातो देव जाणे. छाती ४४ आणि बाही कोपरापर्यंत म्हटलं की मास्टर मान हलवतात, "ताई, कापड कमी पडतंय." मग काखेत जोड येतो, नाहीतर बाही आखूड होते. आखूड बाही नेमकी दंडाच्या सगळ्यांत रुंद भागावर संपते. तिथे काठाची जरीची पट्टी लागते आणि लोकांनी कुठे बघायचं ते आपणच आखून देतो. त्यापेक्षा मॅचिंग सेंटरमधून सव्वा मीटर कापड वेगळं घ्यावं आणि बाही कोपरापर्यंत आणावी. दंड लपवायला नव्हे. कोपराशी संपणारी बाही सुबक दिसते, बारीक बाईलासुद्धा.

आणि आता मुंढा, म्हणजे ब्लाउजला बाही जोडतात तो गोल घेर. मराठी लग्नांत आजवर जे ब्लाउज काखेत उसवले, त्यांतल्या निम्म्यांचं खापर तरी मुंढ्यावर फुटायला हवं होतं. फुटलं ते दंडावर. होतं काय की मास्टर छातीचं माप घेतात आणि त्यावरून मुंढा हिशेबाने काढतात. छाती मोठी, म्हणून मुंढाही मोठा आणि खोल. तक्रार केली की आणखी खाली उतरवतात, "मोकळं केलंय ताई." ऐकायला बरं वाटतं. पण मुंढा खाली गेला की बाही धडाला काखेच्या बरीच खाली जोडलेली राहते. मग हात वर केला की नुसती बाही वर जात नाही, अख्खा ब्लाउज तिच्यामागून निघतो. खालून पोट दिसतं, पाठीवर हूक ताणतात आणि 'सावधान' म्हणेपर्यंत बाई एका हाताने अक्षता टाकत असते, दुसऱ्या हाताने ब्लाउज खाली ओढत असते. मुंढा काखेच्या जवळ हवा आणि बाही दंडापाशी सैल. मोकळेपणा बाहीत द्यायचा, मुंढ्यात नाही. कोटाचे जुने जाणते कारागीर हे कधीपासून करत आलेत. म्हणून मुंढ्याचं आणि दंडाचं माप वेगळं घ्यायला लावा. लग्नाच्या दिवशी आतून जे घालणार तेच घालून माप द्या, आणि ट्रायलला गेलात की आरशासमोर उभं राहून अक्षता टाकून बघा. मास्टर हसतील. हसू द्या.

वीस हजारांची पैठणी मुकाट्याने घेणारी बाई ब्लाउजच्या शिलाईत पन्नास रुपयांसाठी मास्टरांशी भांडते, हे मी कितीदा पाहिलंय. उलट करावं. पैठणी काय, आईची नेसली तरी चालते. आईच्या ब्लाउजात मात्र कोणीच मावत नाही. बहुधा आईसुद्धा.

कमरेखालच्या राज्यात सध्या शेपवेअरची सत्ता आहे. परकराच्या जागी घट्ट विणीची नळकांडी घालायची, मग साडी पाण्यासारखी पडते, असं म्हणतात. पडते खरी. पण स्टेजची पायरी चढायला गुडघा उचलावा लागतो, ही बातमी त्या नळकांडीच्या कारखान्यापर्यंत पोचलेली नाही. पंगत असेल तर मांडी विसरा. जिलेबी आली की पोटाला जागा कुठून आणायची, हा प्रश्न वेगळाच. दुसरीकडे नाडीवाल्या आहेतच: नाडी जितकी आवळू तितकी कंबर बारीक, अशी श्रद्धा. २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांच्या नोंदी छापल्या. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधल्याने कातडी घासली, जखम झाली आणि तिथे त्वचेचा कर्करोग झाला. दुखणं दुर्मीळ आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. पण एवढं आवळून कंबर बारीक होत नाही, फक्त वर-खाली दोन वळ्या होतात, हे कळायला डॉक्टरही लागत नाही. रुंद पट्टीचा, सहा कळ्यांचा सुती परकर शिवून घ्या. रेशीम त्यावर घसरत नाही आणि जेवण झाल्यावर गाठ सैल करायला बाथरूम शोधावी लागत नाही.

साडी नकोच, अनारकली घेते, म्हणाल तर दुकानात 'एल' आणि 'डबल एक्सेल' यांच्यात काय फरक असतो ते विचारून बघा. आपली बरीचशी तयार मापं परक्या तक्त्यांवरून आली आहेत. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्ट या सरकारी संस्थेने 'इंडिया साइज' नावाची मोजणी हाती घेतली. सहा शहरांत, मुंबई धरून, २५ हजार माणसं यंत्राने मोजायची, अशी ती योजना. म्हणजे ट्रायल रूममध्ये कुर्ता खांद्याला सैल आणि कंबरेला घट्ट झाला तर चूक तुमच्या कंबरेची आहे, असं सरकारलाही वाटत नाही. आतल्या बाईला मात्र तसंच वाटतं. आणि 'फ्री साइज' असं लिहिलेलं काहीही घेऊ नका. ती साइज नाही, थाप आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या २४ टक्के बायका आणि २२.९ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे निघाले. जवळजवळ बरोबरी. पण लग्नात बघा. झब्ब्याची बटणं पोटावर जीव मुठीत धरून बसलेले काका फेटा बांधून सगळ्यांत पुढे उभे असतात. त्यांना कोणी म्हणत नाही, "काका, उभ्या रेघांचं घालायचं होतंत." उलट 'काय रुबाब आहे' असं ऐकून ते आणखी अर्धा इंच पुढे येतात. फोटोग्राफरही त्यांना मधे घेतो आणि काकूंना म्हणतो, "तुम्ही जरा तिरक्या उभ्या राहा."

देवघरातल्या लक्ष्मीचं चित्र आठवा. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने घरोघर पोचवलेली ती लक्ष्मी. भरलेले दंड, गोल खांदे, जरीकाठाचं वस्त्र. तिच्यापुढे रोज हात जोडणारी काकू एकदाही म्हणालेली नाही की, "हिने बाही जरा लांब घ्यायला हवी होती." संध्याकाळी हॉलवर हेच वाक्य ती पुतणीला ऐकवते.

आता कामाचं. तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात आणि मास्टर फोन उचलणं बंद करतात. पत्रिकेची वाट बघू नका. दिवाळीच्या आधी, निदान तीन आठवडे हाताशी ठेवून, सव्वा मीटर कापड घेऊन जा, मुंढा वर घ्यायला सांगा आणि दोन्ही बाजूंनी इंचभर मार्जिन आत ठेवायला लावा. फराळ अजून व्हायचा आहे.