सही कोण करणार?

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. दत्तकविधान झालं ते आदल्या दिवशी. १८५१ साली झालेला मुलगा काही महिन्यांतच गेला होता, तरी दत्तकाचा कागद थांबला तो राजे अंथरुणाला खिळेपर्यंत. तो आधी झाला असता तर गव्हर्नर जनरल डलहौसीने झाशी सोडली असती असं मी म्हणणार नाही. त्याला राज्य हवंच होतं. पण शेवटच्या खलित्यात गंगाधररावांनी वारसाबरोबर पत्नीचंही लिहिलं: हयातभर कारभार तिच्याकडे असावा.

आज मूलबाळ नसलेली जोडपी नेमकं हेच, कारभार कोण बघणार ते, लिहीत नाहीत. फ्लॅट कोणाला, दागिने कोणाला, सगळं ठरलेलं असतं. पण मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं. त्याआधीची अंथरुणातली पाच-सात वर्षं कोण बघणार?

‘पुतण्याला मुखत्यारपत्र दिलंय’, असं सांगतात. ते नीट ऐका: देणाऱ्याची बुद्धी चळली की आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंशात, खरी गरज पडते तेव्हाच. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी.

घर प्रेमाने भाच्याच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द घालाच. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. अट मोडली तर हस्तांतर रद्द करून घेता येतं. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला त्याच कायद्याने, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, त्या नातेवाइकाकडे पोटगी मागता येते. हे कितीजणांना ठाऊक आहे?

आणि बायकांनो, तुमचं मृत्युपत्र वेगळं करा. अपत्य नसलेल्या हिंदू विधवेची स्वकष्टाची कमाईसुद्धा मृत्युपत्राविना आधी सासरच्या वारसांकडे जाते. शेवटी उशापाशी बसलेली बहीण रांगेत मागे राहते.

बरं होण्याची आशा संपल्यावर उपचार किती ताणायचे, हेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती वाट सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं. नाव घालण्याआधी त्या पुतण्याला समोर बसवून विचारा, ‘रात्री दोनला दवाखान्यातून फोन आला तर येशील का?’ तो घुटमळला, तर रागावू नका. दुसरं नाव शोधा.