खुर्ची एकच

चांगल्या साउंड सिस्टिमवर लोकांना गाणी ऐकवण्याची हौस एकाच वेळी फार उदार आणि फार कंजूष असते. उदार अशासाठी, की ज्याला ती जडते तो दिसेल त्याला घरी बोलावतो, चहा पाजतो आणि चपला घालून निघालेल्यालाही "एवढं एक ऐकून जा" म्हणून मागे फिरवतो. कंजूष अशासाठी, की ऐकायची खुर्ची एकच असते. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो, शिवाय ट्वीटर कानाच्या रेषेत यावा लागतो. आता त्रिकोणाच्या एका टोकावर दोघांना बसवायची सोय भूमितीत नाही. बाकीचे सोफ्यावर बसून उरलासुरला आवाज ऐकतात आणि खुर्चीतल्याचं तोंड बघतात.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, याच पंथातला. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत त्याला वायर दाखवायचीसुद्धा दुकानदारांना धास्ती वाटते. बास लागला की थरथरतं म्हणून त्याने हॉलमधलं काचेचं शोकेस बेडरूममध्ये हलवलं. आवाज घुमतो म्हणून जाड पडदे आले, सतरंजी आली. वहिनींनी एकदाच विचारलं, "माणसं ठेवायची का?"

त्याच्याकडच्या कार्यक्रमाचा क्रम गणपतीतल्या आरत्यांसारखा ठरलेला. सुरुवात ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ने. तेही मूळचं 1976चं नाही, तर 1994च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मधलं, लोकांसमोर वाजवलेलं. हाय-फाय दुकानात तुम्ही कधी पाऊल टाकलं असेल, तर ते तुमच्याही कानावर आदळलं असेल. गिटार चालू असते, टाळ्या पडतात आणि खालून एक खोल ठोका येतो. त्याच्या निमिषभर आधी दादाचं बोट वर जातं. ठोका पाहुण्याच्या पोटात नीट बसला की नाही, हे तो पोटाकडेच बघून तपासतो आणि गायक तोंड उघडतो न उघडतो तोच गाणं बंद करतो. त्या हॉटेलात पुढे काय झालं, हे आमच्या नात्यात कुणालाच ठाऊक नाही.

मग ‘जॅझ अॅट द पॉनशॉप’. डिसेंबर 1976, स्टॉकहोममधला स्टॅम्पेन हा क्लब. सॅक्सोफोनवर आर्ने डोमनेरुस. पण दादाचा खरा कलावंत म्हणजे ध्वनिमुद्रक गर्ट पाल्मक्रान्त्झ, कारण त्याने वाद्यांबरोबर गिऱ्हाइकांच्या गप्पा आणि ग्लासांची किणकिणही जशीच्या तशी टिपली. "ऐकलंस? डावीकडे, मागच्या टेबलावर!" दादा कुजबुजतो. तेवढ्यात स्वयंपाकघरात वहिनींच्या हातून वाटी पडली, तर मात्र "अगं, हळू!" म्हणून ओरडतो. किणकिण स्वीडनची असावी लागते.

‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ची पाळी आली की मात्र मी होऊन खुर्ची मागतो. राय कूडरची गिटार आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात, एका प्रार्थनागृहात मुद्रित झालेली. दोघांची तोवर जेमतेम ओळख, तालीम वगैरे काही नाही. एकजण सूर टाकतो, दुसरा जरा थांबतो, अंदाज घेतो आणि मग वाट काढतो. ते थांबणं दादाच्या यंत्रावर इतकं स्वच्छ ऐकू येतं, की त्याने त्यापायी केलेला खर्च मी तेवढ्यापुरता माफ करतो. वहिनींचं मत वेगळं आहे.

शेवटी ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर उजवीकडे की डावीकडे, हरिप्रसादांची बासरी किती हात मागे, ब्रिजभूषण काब्रांची गिटार कुठे, याचा दादा हवेत नकाशा काढतो. तबल्यावरच्या माणिकराव पोपटकरांनाही तो भिंतीलगत एक जागा देतो.

परवा हा नकाशा चालू असताना मावशी आतून आली. म्हणाली, "अरे, ते शिळेचं गाणं लाव. जी. एन. जोशींचं." म्हणजे ना. घ. देशपांड्यांच्या कवितेचं, 1930च्या दशकातलं, ज्या तबकडीने मराठी भावगीत घरोघर नेलं ते.

दादाचा चेहरा पडला. "आई, ते मोनो आहे गं. डावी-उजवी बाजूच नाही त्याला."

"मग बरंच झालं. माझा डावा कान कुठे चालतो?"

मी दादाला ‘कॉल ऑफ द व्हॅली’चं कव्हर उलटून दाखवलं. निर्माता : जी. एन. जोशी. ज्या माणसाचं गाणं या यंत्राच्या लायकीचं नव्हतं, त्यानेच पुढे एचएमव्हीत बसून दादाचं हे लाडकं रेकॉर्डिंग करवून घेतलं होतं. दादा काही बोलला नाही. मुकाट्याने फोनवर गाणं शोधून लावलं.

खरखर अप्रतिम आली. एवढी सुस्पष्ट खरखर मी आयुष्यात ऐकली नव्हती. तिच्या पलीकडून तो कोवळा आवाज येऊ लागला आणि गंमत म्हणजे कोण कुठे बसलंय याने फारसं काही बिघडेना. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, मी सतरंजीवर टेकलो. त्या संध्याकाळी गाणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाजलं.

मावशी मात्र दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, भुईमुगाच्या शेंगा सोलत. दादाला ते बघवेना. "आई, निदान खुर्चीत तरी बस. आणि मान जरा उजवीकडे घे."

"माझी मान आहे तिथे आहे," मावशी म्हणाली, "तुझे ते खांबच घे इकडे."

दादाने खरोखरच जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा मोडून स्पीकर सरकवायला घेतले. एक बाजू मी धरली. फार जड असतात.