चपला कोण सांभाळणार?

मे महिना लागला की यवतमाळ जिल्ह्यात कापसाला येत नाही एवढा भाव आजी-आजोबांना येतो. पुण्यातला पोरगा एरवी महिन्यातून एकदा ‘बीपीची गोळी घेतली का?’ एवढं विचारून फोन ठेवतो. तोच आता अर्धा अर्धा तास बोलतो. ‘बाबा, तुम्ही जन्मभर मातीतच राबले. काही पाह्यलं नाही. यंदा तुम्हाला समुद्र दाखवतो.’ हे ऐकून माउलीच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यातलं थोडं तिनं राखून ठेवलेलं बरं, पुढे लागतं.

राळेगावकडचे, पण आता यवतमाळात राहणारे आमचे एक आबाजी असेच आजीला घेऊन अंदमानला जाऊन आले. अंदमानच का? तर मे महिन्यात तिकडे पाऊस तोंडावर असतो, गर्दी ओसरते आणि पॅकेज स्वस्त पडतं. आई-बापाचं स्वप्न नेमकं ऑफ सीझनमध्येच पूर्ण होतं राजेहो, हा योग पत्रिकेत असावा लागतो.

यवतमाळला विमानतळ आहे, प्रवासी विमान तेवढं तिथून उडत नाही. म्हणून नागपूरपर्यंत एसटी. आबाजींनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे 2022 पासून त्यांना एसटी फुकट, आणि 2023 पासून आजीला अर्धं तिकीट. अर्ध्या तिकिटात दोघं नागपूरला पोचली. ती सवय अंगात मुरलेली, म्हणून विमानात बसल्याबरोबर आबाजींनी आधार कार्ड काढून हवाई सुंदरीपुढे धरलं. तिनं ते हसून परत केलं आणि सँडविचचा भाव सांगितला. रेल्वेनं मार्च 2020 मध्ये म्हाताऱ्यांची सवलत काढली ती काढलीच, याचा राग आबाजींच्या डोक्यात होताच. तो सगळा त्या सँडविचवर निघाला.

बेट कलकत्त्याच्याही पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच. मे महिन्यात तिथं पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पावणेसहाच्या आत बुडतो. ‘काहून रे, इथं सूर्य बी ड्यूटीवर लवकर येते काय?’ आबाजींनी रिसॉर्टच्या माळ्याला विचारलं. माळी बंगाली. आबाजींनी त्याला नारळाच्या आळ्यातलं तण दाखवून निंदणावर वऱ्हाडीत व्याख्यान दिलं, त्यानं बंगालीत उत्तर दिलं. दोघांचं पूर्ण एकमत झालं. पोरगा-सूनबाई उठायला अजून तीन तास होते. नातू मात्र उठला होता.

इथून सहलीचं खरं वेळापत्रक सुरू होतं. पॅकेजच्या छापील कागदावर ‘वॉटर स्पोर्ट्स’ असतं, ‘कपल डिनर’ असतं. त्या वेळात दीड वर्षाचं लेकरू कुठे असणार, हे त्यावर छापत नाहीत. राधानगर किनाऱ्यावर पांढरी वाळू, पुढं निळं पाणी आणि मधोमध चादरीवर आबाजी. डावीकडे चार जोड चपला, उजवीकडे तीन पिशव्या, खिशात दोन महागडे मोबाइल, मांडीवर नातू आणि नातवाच्या मुठीत आबाजींची टोपी. आजी उभी होती, कारण बसली तर गुडघे परत उठू देत नाहीत. ‘आई, तुम्ही दोघं निवांत बसा हं, एन्जॉय करा,’ असं सांगून सूनबाई लाटांत गेली होती. आदल्या दिवशी ती आणि पोरगा समुद्राच्या तळाशी जाऊन आले होते. अर्धा तास पाण्याखाली राहायचे माणशी चार हजार, म्हणजे हमीभावानं अर्धा क्विंटल कापूस, हा हिशेब आबाजींनी मनातच केला. तोंडानं म्हणाले, ‘एवढ्यात तर आपली आख्खी विहीर उपसून झाली असती.’

कुठल्याशा किनाऱ्यावर ‘मगरींपासून सावध’ अशी पाटी होती. सूनबाई घाबरली. आबाजी हसले. 2018 मध्ये टी-1 वाघीण राळेगाव-पांढरकवड्याच्या रानात फिरत होती, तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते, तेव्हाही तिकडची माणसं कापूस वेचायला जातच होती. आबाजींनी मगरीकडे वनखात्याचं प्रकरण म्हणून पाहिलं आणि पंचनामा कोण करते, एवढं विचारून घेतलं.

आजीचं मन जडलं ते वेगळ्याच ठिकाणी. दारात समुद्र असताना हॉटेलवाल्यांनी पोहायला वेगळा हौद कशाला बांधला, हे तिला काही केल्या उमगेना. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटल्यावर टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभी राहिलेली बाई ती, खोलीतले ठिबकणारे नळ आवळत फिरली. खोली झाडणाऱ्या बाईनं तिला सांगितलं, बेटावर वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात आमच्या घरी नळ दिवसाआड. आजीला एकदम माहेरचं माणूस भेटलं. तिनं पिशवीतून जवसाची चटणी आणि दशम्या काढल्या. उरलेल्या दशम्या रात्री दहा वाजता पोरगा चोरपावलानं येऊन खाऊन गेला. कपल डिनरला पोट भरत नाही म्हणे.

आबाजींचा हट्ट एकच होता, सेल्युलर जेल. 1906 मध्ये पुरी झालेली ती इमारत, सातांतल्या तीनच भुजा आता उभ्या. सावरकरांची कोठडी सगळ्यात वर. बाबागाडी जिना चढेना, म्हणून आजी खाली थांबली. आबाजी धापा टाकत वर पोचले, दारात टोपी काढून हात जोडले, काही वेळ तसेच उभे राहिले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ‘बाबा, डायपरची पिशवी तुमच्याकडे आहे का?’

त्याच संध्याकाळी पोरानं फोटो टाकला: मावळता सूर्य आणि दोन पाठमोरे म्हातारे. खाली इंग्रजीत आई-बापाच्या स्वप्नाविषयी दोन ओळी. नातू, पिशव्या आणि चपला कापून टाकल्या होत्या. नातेवाइकांनी ‘आजचा श्रावणबाळ’ म्हणून अंगठे दाखवले. या श्रावणाची कावड आई-बापाच्याच खांद्यावर होती, ते फोटोत मावलं नसावं.

आता आबाजी भोळे आहेत असं समजू नका. तोच फोटो त्यांनी स्वतः गल्लीच्या ग्रुपवर दिवसातून दोनदा टाकला. ज्या शेजाऱ्याचा पोरगा बापाला शेगावच्या पलीकडे घेऊन गेला नाही, त्याला तर वेगळाही पाठवला.

परवा पोराचा पुन्हा फोन आला. पुढच्या वर्षी बाली. आबाजींनी फोन आजीकडे दिला. ती गोड आवाजात म्हणाली, ‘बावा, आमचा समुद्र पाहून झाला. तुझ्या सासूबाईनं नाही पाह्यला म्हणते. आता त्यायले ने.’

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग पोरानं विचारलं, ‘बीपीची गोळी घेतली का?’