सही करण्याआधी करार दाखवा

जागतिकीकरणावर टीका केली की आपल्याकडे दोन शिक्के लगेच बसतात. एक विकासविरोधी, दुसरा जुनाट. गुहागर तालुक्यातल्या वेलदूर, अंजनवेलच्या गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकात हे दोन्ही शिक्के झेलले. मृणाल गोरे, मेधा पाटकर यांनी झेलले. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतल्या, आकडेमोड करून बोलणाऱ्या अभियंत्यांनीही झेलले. गावकऱ्यांच्या मागण्या जमिनीच्या होत्या, मासेमारीच्या होत्या. पण सगळ्यांच्या तळाशी एकच मागणी होती: दाभोळ वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी काय करार केला आहे तो आम्हाला वाचू द्या.

लोकशाहीत यापेक्षा साधी मागणी असूच शकत नाही. ती पुरी झाली नाही, आणि महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली.

जून 1992 मध्ये एन्रॉनचे अधिकारी आले आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. निविदा मागवल्याच नाहीत. 1993 मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आहे, आयात वायूवरची वीज महाग पडेल आणि स्वस्त कोळशाची वीज बाजूला सारावी लागेल, असा तिचा आक्षेप होता. जागतिक बँकेला डावी म्हणण्याची कोणाची हिंमत नसावी. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीज खरेदी करारावर सह्या झाल्या.

त्या करारातली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वीज घ्या किंवा घेऊ नका, प्रकल्पाच्या क्षमतेचा ठरावीक आकार मंडळाने भरायचाच होता, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. 1993 मध्ये डॉलर साधारण 31-32 रुपयांना होता, 2001 मध्ये तो 46-47 च्या घरात गेला. रुपया घसरला की नुकसान मंडळाचे. इंधन महागले की नुकसान मंडळाचे. वीज कमी उचलली तर तोच ठरावीक आकार थोड्या युनिटांवर पसरायचा आणि प्रत्येक युनिट आणखी महाग व्हायचे. मंडळ पैसे देऊ शकले नाही तर राज्य सरकारची हमी, आणि राज्य कमी पडले तर केंद्राची प्रतिहमी. वाद झाला तर लवाद लंडनमध्ये. सगळी जोखीम एका बाजूला सरकवलेली होती, आणि त्या बाजूला वीजबिल भरणारा माणूस उभा होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

मग 1995 ची विधानसभा निवडणूक आली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, असे गोपीनाथ मुंडे सभांमधून सांगत होते. लोकांनी ऐकले आणि काँग्रेसच्या जागी शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. मुंड्यांच्या समितीने अहवाल दिला, ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री मनोहर जोशींनी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा केली. सरकार स्वतः मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि हा करार फसवणुकीतून झाल्याचे त्याने लिहून दिले. मतदाराने प्रश्न विचारला होता आणि त्याला उत्तर मिळाले होते, असे तेव्हा वाटले.

नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटल्या. फेरवाटाघाटींसाठी गट नेमला गेला, त्याचा अहवाल दोन आठवड्यांच्या आत तयार झाला, जानेवारी 1996 मध्ये प्रकल्प पुन्हा मंजूर. आधीच्या करारात प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंडळाच्या मर्जीवर होता. नव्या करारात तो बंधनकारक झाला आणि क्षमता 2015 मेगावॅटवरून 2184 वर गेली. लोकांनी प्रकल्प बुडवण्यासाठी मत दिले आणि त्यांच्या पदरात तो आणखी मोठा होऊन पडला. मे महिन्यात वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता केंद्राच्या प्रतिहमीवर मोहोर उठवली. ज्या सरकारला लोकसभेत बहुमत सिद्ध करता आले नाही, त्याने हा निर्णय घ्यायला नको होता. हे मी पक्ष बघून म्हणत नाही. आधीचा करार काँग्रेसच्या काळातला होता, नंतरचा युतीच्या. सगळ्यांच्या सह्या त्याच कागदाखाली आहेत.

जागतिकीकरण आणि लोकशाही यांचा खरा तंटा इथे आहे. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक सांगतात की बेलगाम जागतिकीकरण, राष्ट्राचे सार्वभौमत्व आणि लोकशाही ही तिन्ही एकाच वेळी पूर्णपणे सांभाळता येत नाहीत, एकाला मुरड घालावीच लागते. दाभोळमध्ये मुरड कोणाला घातली गेली हे गावकऱ्यांनी अंगावर पाहिले. मुंबई पोलीस कायद्याखाली मनाई हुकूम निघाले. 3 जून 1997 च्या पहाटे वेलदूरमध्ये पोलीस घुसले, घरांत झोपलेल्या बायकांना मारहाण झाली, पकडून नेले गेले. ॲम्नेस्टीने त्याच वर्षी याची नोंद केली. 1999 मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने अख्खा अहवाल काढला, आणि प्रकल्पावरच्या पोलीस बंदोबस्ताचे पैसे कंपनी सरकारला देत होती, हे त्यात मांडले. ज्या पोलिसांनी नागरिकाला उत्तर द्यायचे, त्यांच्या बंदोबस्ताचा खर्च एक खासगी कंपनी भरत होती. मला ही गोष्ट दरवाढीपेक्षाही भयंकर वाटते.

न्यायालयाने काय केले? सिटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांची कराराविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये फेटाळली. सरकारच्या वागण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, पण करार कायम ठेवला.

1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. 2000 मध्ये एका युनिटचा दर 7 रुपयांच्या वर गेला. मंडळाचे पैसे थकले, प्रकल्पाच्या फेरविचारासाठी माधव गोडबोले समिती बसली, मे 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोर झाली. टीकाकारांचा हिशेब खरा ठरला. पुढे प्रकल्पातले भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी लवादांचे दरवाजे ठोठावले. 2005 मध्ये तडजोडी झाल्या आणि एनटीपीसी, गेल यांच्या नव्या कंपनीने, म्हणजे पुन्हा जनतेच्याच पैशाने, तो सांगाडा उचलला.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, दर पाच वर्षांनी सरकार बदलणार आणि प्रत्येक नवे सरकार जुना करार मोडणार असेल, तर इथे पैसा घालणार कोण? पुढे महाराष्ट्राने वर्षानुवर्षे लोडशेडिंग सोसले, ही वीज आपल्याला हवीच होती. बरोबर. शब्द पाळलाच पाहिजे. पण ज्याच्या खिशातून पैसे जाणार आहेत त्याला अंधारात ठेवून दिलेला शब्द त्याला बांधून ठेवू शकत नाही. गुंतवणूकदाराला स्थैर्य हवे असेल, तर त्यानेच सर्वांत आधी म्हणावे की सहीच्या आधी हा कागद विधानसभेत ठेवा. तिथे वाद होऊन, दुरुस्त होऊन मंजूर झालेला करार मोडायला उद्याच्या सरकारला फार मोठे कारण लागेल. गुपचूप केलेला करार मात्र पहिल्या निवडणुकीतच प्रचाराचा मुद्दा होतो.

वीजक्षेत्राने यातून थोडे तरी घेतले. 1998 च्या कायद्यानंतर महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला. तिथे दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी होते, कोणीही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. इचलकरंजीचा यंत्रमागवाला आणि नाशिकचा शेतकरी आयोगासमोर उभा राहून वितरण कंपनीला आकडे विचारू शकतो. निकाल नेहमी त्याच्या बाजूने लागत नाही, पण प्रश्न त्याच्या नावाने कागदावर येतो.

व्यापार करारांच्या बाबतीत एवढेही नाही. एप्रिल 1994 मध्ये मराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर भारताची सही झाली, तीही संसदेची मंजुरी न घेता. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाचा आहे. संसदेपुढे विषय येतो तो कायदा बदलावा लागला तरच. तसे पेटंट कायद्यात 1999, 2002 आणि 2005 मध्ये बदल झाले, म्हणजे आधी वचन आणि मग चर्चा. शेती हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. पण दूध, द्राक्ष, कापूस, सोयाबीन यांच्या आयातशुल्कावर दिल्लीत वाटाघाटी होतात तेव्हा महाराष्ट्र विधानसभेला कोणी विचारत नाही, आणि आमदारांनाही त्याची खंत दिसत नाही.

बेल्जियममध्ये वालोनिया नावाचा एक प्रांत आहे. लोकसंख्या साधारण 36 लाख, आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. ऑक्टोबर 2016 मध्ये त्याच्या विधिमंडळाने युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्या व्यापार कराराला संमती नाकारली. शेतकऱ्यांना संरक्षण काय आणि गुंतवणूकदारांच्या दाव्यांचा निवाडा कोण करणार, हे त्यांचे प्रश्न होते. सगळा युरोप संतापला, सहीचा समारंभ पुढे ढकलावा लागला. दोन आठवडे घासाघीस झाली, शेती आणि लवादाबद्दलचे खुलासे लेखी जोडले गेले आणि मग करार झाला. कॅनडाशी व्यापार थांबला नाही, कोणी वालोनियाला जगाबाहेर काढले नाही.

आपली मागणी याहून मोठी असायचे कारण नाही. कोणत्याही व्यापार किंवा गुंतवणूक कराराचा मसुदा सहीच्या आधी संसदेत मांडावा. शेती, वीज, पाणी यांना हात लावणारी कलमे त्या त्या राज्याच्या विधिमंडळात चर्चेला यावीत, आणि महाराष्ट्रात ती मराठीतून यावीत. सामान्य माणसाला हरकत नोंदवायला पुरेशी मुदत मिळावी. विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढा ठराव मांडला, तर त्याचा पक्ष कोणता हे न विचारता मी या सदरात त्याच्या बाजूने लिहीन.