कलियुगाचं प्रगतिपुस्तक

आपल्या ज्योतिषगणितानुसार कलियुग इसवी सनापूर्वी ३१०२ साली सुरू झालं आणि ते एकूण ४,३२,००० वर्षं चालायचं आहे. म्हणजे अजून सव्वा टक्कासुद्धा उलटलेलं नाही. माणसाच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्याचं माप लावलं, तर कलियुग सध्या अकरा महिन्यांचं आहे. पहिला वाढदिवस व्हायचाय. आणि एवढ्याशा पोराच्या नावावर आपण काय काय खपवतो! भाजीवाल्यानं कोथिंबिरीचे वेगळे पैसे मागितले, घोर कलियुग. मुलानं मुलगी स्वतःच पसंत केली, घोर कलियुग. हापूसला पूर्वीची चव राहिली नाही, घोर कलियुग. (हापूसच्या बाबतीत मी जरा साशंक आहे, जिभेचंही वय होतं.) जग खरंच बिघडतंय की आपल्याला तसं नुसतं वाटतं, हा प्रश्न बहुतेक वेळा चहाच्या कपाबरोबर विसळला जातो. वास्तविक तो तपासता येतो, कारण बिघाडाची यादी पूर्वजांनी आधीच करून ठेवली आहे.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला कलियुगाची लक्षणं सांगतात. गाई दूध कमी देतील, व्यापारी खोट्या मापांनी माल विकतील, झाडांवर फुलं-फळं थोडी आणि कावळे फार होतील, माणसं अल्पायुषी होतील. दुधापासून सुरुवात करू. १९५०-५१ साली देशात वर्षाला १.७ कोटी टन दूध निघायचं. आता २३ कोटी टनांच्या वर निघतं. मधल्या काळात तोंडं चौपट झाली हे धरलं, तरी माणशी वाट्याला तिपटीहून जास्त दूध येतं. त्यात पाणी असतं हा आक्षेप मला मान्य आहे, पण पाणी घालायची कला काही या शतकात लागलेला शोध नव्हे. आयुष्याचं म्हणाल, तर स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज ते सत्तरच्या घरात आहे. कावळ्यांच्या विषयात तर कली सपशेल नापास. पितृपक्षात शहरातली माणसं गच्चीवर पान मांडून ताटकळतात आणि कावळा फिरकत नाही, हीच आज तक्रार आहे. खोट्या मापांचे गुण मात्र मार्कंडेयांना द्यावे लागतील. आणि मुलगा बापाचं ऐकत नाही हे कलीचं लक्षण म्हणावं, तर दुर्योधन द्वापारातला.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, सरासरीचं काही सांगू नका, आमचे पणजोबा नव्वदीतही विहिरीचं पाणी ओढायचे. ओढत असतील. पूर्वीही म्हातारी माणसं होतीच आणि त्या काळची सरासरी खाली ओढत होती ती मुख्यतः लहान मुलं, हे आक्षेपकाचं गणित अगदी बरोबर आहे. पण त्यातून तो जो निष्कर्ष काढतो, तो ऐकून थक्क व्हायला होतं. जणू ती मुलं हिशेबात धरायचीच नव्हती. १९७१ साली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर, भारतात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ होता. पणजोबा नव्वद वर्षं जगले म्हणून त्यांच्या काटकपणाच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. पाळण्यातच गेलेल्या त्यांच्या भावंडांची ना नावं उरली, ना गोष्टी. ज्याला आपण जुना काळ म्हणतो, ती वाचलेल्यांनी लिहिलेली एकतर्फी कैफियत आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात हाहाकार झाला आणि रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्यातच गेल्या. १९१८च्या इन्फ्लुएंझानं या देशात कोटीहून जास्त माणसं नेली. १९२१च्या जनगणनेत लोकसंख्या चक्क मागच्या दशकापेक्षा कमी भरली. शुद्ध तूप आणि निर्भेळ हवा तेव्हाही होती.

मग बिघाड दिसतो कुठून? अॅडम मास्ट्रोयानी आणि डॅनियल गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०२३ साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे सत्तर वर्षांत निदान साठ देशांत घेतलेल्या पाहण्या त्यांनी चाळल्या. माणसं पूर्वीइतकी चांगली राहिली नाहीत, असं लोक सगळीकडे आणि सगळ्या काळात सांगत आले आहेत. पण तुमच्या आजूबाजूची माणसं आज तुमच्याशी कशी वागतात, असं विचारलं की उत्तरं वर्षानुवर्षं जवळपास तीच. याहून मजा पुढे आहे. हा ऱ्हास सुरू कधी झाला असं खोदून विचारलं, तेव्हा लोकांच्या मते तो साधारण त्यांच्या जन्मापासून सुरू झालेला निघाला. त्याआधी जग ठाकठीक होतं. आता जगाच्या अधःपतनाचं कारण शोधायचं, तर संशयित फार लांब नाही. आपल्याकडेही विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ उघडली ती मराठी भाषेच्या त्या वेळच्या स्थितीच्या काळजीनंच. त्या काळजीला दीडशे वर्षं झाली. २०११च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटींवर निघाले आणि २०२४ साली तिला अभिजात दर्जाही मिळाला, तरी आमचा सुतकी चेहरा काही उतरत नाही. वर्तमानपत्रांनाही दोष द्यायला हवा, पण त्यांचा तरी काय इलाज? जानेवारी २०११ नंतर भारतात मूळ (वन्य) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा नवा रुग्ण नोंदला गेलेला नाही, ही बातमी रोज सकाळी कशी छापणार?

एवढं वाचून कुणी मला सुखवस्तू आशावादी ठरवेल, तर थांबा. काही गोष्टी खरोखर बिघडल्या आहेत आणि माझं भांडण तिथेच आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा याच राज्यानं १९८८ साली केला होता, आणि आकडा त्यानंतर घसरत गेला. ही घसरण अशिक्षितांनी अंधारात केली नाही. सोनोग्राफीचे पैसे परवडणाऱ्यांनी केली. मुलगा झाला की पेढे वाटले, आणि ते खाणाऱ्यांनी घोर कलियुग म्हटल्याचं ऐकिवात नाही. पेढे खाताना लोक आंतरजातीय लग्नांबद्दल हळहळत होते. खरा बिघाड असा बिनबोभाट होतो, कारण तो आपल्या संमतीनं होतो. आरडाओरडा होतो तो नावडत्या बदलाचा.

आता शेवटची हरकत. जग सुधारतंय असं सांगितलं की लोक हातावर हात ठेवून बसतील, असं म्हणतात. मला तर कलियुगवालेच जास्त निवांत दिसतात. बिघाड विधिलिखित आहे आणि त्याला चार लाखांवर वर्षांची मुदत मंजूर आहे म्हटल्यावर करायचं काय उरतं? १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा वि. स. पागे यांच्यापाशी हे पंचांगी समाधान होतंच की. त्याऐवजी त्यांनी मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना पुढे रेटली. १९७७ साली राज्यानं तिचा कायदा केला आणि २००५ साली देशानं त्याच धर्तीवर आपला. दुष्काळ त्यांना आपल्याहून कमी दिसला होता असं कुणी म्हणणार नाही. आणि तक्रारीला विषय हवा असेल, तर तोही लांब शोधायला नको. पुण्यात मुळा-मुठेच्या काठानं सकाळी फिरायला जाणारे ज्येष्ठ नागरिक पुलाजवळ आले की नाकाला रुमाल लावतात, झपाझप पुढे जातात, वारा पडला की रुमाल खाली घेतात आणि हल्लीची मुलं फाटक्या जीन्स घालतात याबद्दल बोलू लागतात.